राखी रंगाचा ठपका

मी एक ससा बोलतोय. माझा रंग राखी आहे. एवढी साधी गोष्ट मान्य करायला जर्मनीत थुरिंगियातल्या आमच्या गावच्या जाणत्या माणसांनी सगळा उन्हाळा घालवला आणि त्यापायी माझी आई गेली. तेव्हा माझा आवाज चढला तर राग मानू नका.

माझा जन्म झीगमारच्या परसातला. झीगमार रेल्वेतून निवृत्त झालेला आणि गावच्या ससेपालक मंडळाचा अध्यक्ष. त्याच्याकडे अलास्का जातीचे ससे असतात. या जातीला रंग एकच, काळाकुट्ट. दुसरा चालतच नाही. माझा बाप कायझर. त्याने जिल्ह्याच्या प्रदर्शनात चषक मिळवल्यापासून मंडळातला जो तो आपली मादी त्याच्याकडे घेऊन यायचा. माझी आई लोटे. तीही काळीभोर, पण तिला कुणी चषक दिला नव्हता. तिने स्वतःच्या पोटाचे केस उपटून आमच्यासाठी घरटं केलं होतं.

आम्ही जन्मलो त्याच्या दुसऱ्या दिवशी झीगमारने घरट्यात हात घातला. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, अशा वेळी ही माणसं कातडीवरून रंग ओळखतात. भावंडांची कातडी काळी होती. माझी मात्र इथल्या घरांवरच्या दगडी कौलांसारखी राखाडी. झीगमारने मला उलटंपालटं केलं, अंगठ्याने पुसून पाहिलं.

"गवताची धूळ बसली असेल," तो म्हणाला.

पुढे केस आले तेही राखी. मग धूळ मागे पडली आणि केस गळण्याची वाट पाहणं सुरू झालं. पहिले केस असेच असतात, गळले की पोरगं काळं होईल, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. ती समजूत त्याने स्वतःचीच काढली असावी. ऐकणारे माना डोलवायचे.

एका रविवारी सकाळी बिअर प्यायला मंडळातली माणसं जमली आणि मला खिडकीशी नेण्यात आलं. केस मुळाशी कसे आहेत ते बघायला हे लोक फुंकर मारतात. जो येईल तो माझ्या पोटावर फुंकर मारत होता. कुणाच्या तोंडाला बिअरचा वास, कुणाच्या कांद्याचा. एक म्हणाला, उजेडच बरोबर नाही. दुसरा म्हणाला, आईच्या दुधात काहीतरी कमी असेल. मला त्या सगळ्यांना कडकडून चावावंसं वाटत होतं.

शेवटी एकेहार्टने मला हातात घेतलं. सशांच्या कानात मंडळाचं गोंदण करण्याचं काम त्याच्याकडे असतं.

"झीगमार, हा निळा आहे," तो म्हणाला. माझ्या रंगाला ही माणसं निळा म्हणतात. "याच्या कानाला मी सुई लावणार नाही."

सगळे आपापल्या बिअरकडे बघू लागले. प्रत्येकाच्या घरी कायझरची पिल्लं होती.

"मग हे लोटेचं काम," झीगमार म्हणाला. "बाहेरून आणलेली मादी. तिच्याच रक्तात खोट असणार."

हे अडाण्याने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण दर हिवाळ्यात मंडळात नवीन येणाऱ्यांना रंगाचे धडे देतो तो हाच झीगमार. दोन पेले घेतो, त्यात घेवड्याचे काळे-पांढरे दाणे टाकतो आणि सांगतो, पिल्लू एक दाणा आईकडून घेतं, एक बापाकडून. एक जरी काळा आला तरी पिल्लू काळं. दोन्ही पांढरे आले तरच रंग फिका पडतो. हे भाषण तो आमच्या खुराड्यांसमोर उभा राहून पाठ करायचा. आम्हा सशांनासुद्धा ते तोंडपाठ झालं होतं.

त्याची बायको रोझविटा कॉफी ओतत होती. "तुझे ते दाणे काढ की," ती म्हणाली. "कायझरचा पेला एकदा उपडा करून बघ."

"कायझरला मध्ये आणू नकोस."

"तो मध्ये होताच रे. नाहीतर ही पिल्लं कुठून आली?"

माणसं हसली. झीगमार हसला नाही.

शेजारच्या गावच्या हाइन्झेला त्याने लोटे देऊन टाकली. "राहू दे तिला, मी सांभाळते," रोझविटा पुन्हा पुन्हा म्हणाली. पण खोट असलेली मादी अध्यक्षाच्या घरात राहिली तर लोक काय म्हणतील, याचीच त्याला काळजी. आईला टोपलीत घालताना मी मागचा पाय फळीवर आपटत राहिलो. आम्हाला आरडाओरडा करता येत नाही, रागवायचं ते असंच. मला मात्र रोझविटाने हट्टाने ठेवून घेतलं.

उन्हाळा सरता सरता एकेहार्ट एक खोकं घेऊन आला. त्याच्याकडची मादी कायझरचीच लेक होती, पण वेगळ्या आईची. रक्त शुद्ध राहावं म्हणून तिला पुन्हा कायझरकडेच आणलं होतं. त्याने खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं. लोकरीत दोन पिल्लं होती, दोन्ही माझ्या रंगाची.

"यात लोटे कुठे आहे, ते दाखव आता," तो म्हणाला.

झीगमारने टोपली उचलली आणि हाइन्झेकडे जायला सायकल काढली. परत आला तेव्हा टोपली रिकामी होती. रोझविटा दारातच उभी होती.

"रविवारी त्यांच्याकडे जेवायला पाहुणे होते," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी गवताला तोंड लावलं नाही. तरी एक आशा होती. आता हा माणूस चारचौघांत उभा राहील आणि खरं काय ते सांगेल, असं मला वाटलं. महिने गेले. एकेहार्टही मंडळात काही बोलला नाही. कायझरची पिल्लं त्यानेही विकली होती.

आज आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. मला स्पर्धेत जागा नाही, म्हणून मुलांनी हात फिरवावा अशा कुंपणात बसवलंय. मघाशी एक बाई लहान मुलीला घेऊन आल्या. मुलगी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"काय सुंदर रंग आहे," बाई म्हणाल्या. "कुणावर गेलाय हो हा?"

झीगमार जवळच होता. मंडळातली माणसं बोलता बोलता थांबली. केकच्या टेबलामागे रोझविटाने हातातली सुरी खाली ठेवली. मी दोन्ही कान उभे केले.

"आईवर," झीगमार म्हणाला.

माणसं पुन्हा बोलू लागली. रोझविटाने कोट घेतला आणि ती घरी निघून गेली.

बाई, तुम्ही अजून इथेच आहात, म्हणून सांगतो. आईने मला अर्धाच रंग दिला. उरलेला अर्धा समोरच्या पिंजऱ्यात आहे. त्याच्या दाराला फीत लावलीय आणि तो गाजर खातोय.