बोंबलांच्या फडक्यातला मग

मित्रांनो, मी एक जुना बिअरचा मग आहे. जाड काचेचा, एका कानाचा, काठाला टवका उडालेला. तुम्ही अजून लिंबू सरबताच्या वयाचे आहात, तेव्हा माझी नुसती गोष्ट ऐका. मी जिथे जन्मलो ती भट्टी इतकी तापलेली होती, की वरून जाणारा सूर्य घाम पुसायला थांबला होता. खोटं वाटतं? विचारा त्याला, रोज तुमच्या डोक्यावरून जातो.

पुढची वीस वर्षं मी दुबईतल्या एका हॉटेलच्या बारमध्ये काढली. तिथला बारमन होता वसईचा सेबॅस्टियन. माझ्यात बिअर ओतली की तो आधी नाक घालायचा आणि सांगायचा, यात संत्र्याची साल आहे, यात करपलेला गूळ. एकदा तर पिंप भरणाऱ्याने सकाळी कांदा खाल्लाय, हेसुद्धा त्याने ओळखलं. त्या माणसाने कांदाच सोडला. सगळे सेबॅस्टियनला 'नाक' म्हणायचे.

बार बंद झाला तेव्हा मॅनेजरने मला त्याच्या हातात ठेवलं. तेव्हापासून मी दुबईजवळच्या अजमानला, त्याच्या घरी फळीवर. कुणी माझ्यात चमचे ठेवले, कुणी टूथब्रश. पण वर्षातला एक दिवस माझा असतो. जानेवारीतल्या एका शनिवारी अजमानची वसईकर मंडळी छोटी बस ठरवतात आणि रास अल खैमाकडचे, शहराबाहेरचे तीन पब फिरतात. तिथे एल मिळते, म्हणजे जुन्या रीतीने पिंपात मुरवलेली बिअर. झिंगायचं नाही. घोट घोट घ्यायचा आणि 'नाक' काय सांगतं ते ऐकायचं. बस सुटली की आधी रोझरीची प्रार्थना, मग गाणी. बस चालवतो राजापूरचा तुकाराम. त्याने जन्मात थेंब चाखलेला नाही, म्हणून तर सगळे त्याच्या भरवशावर.

यंदा मला एक गुपित ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सेबॅस्टियनला मोठा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोला, इसाबेललाही नाही. रोज सकाळी माझ्यात कॉफी ओतायचा, नाक घालायचा, डोळे मिटायचा आणि न पिताच बेसिनमध्ये ओतून द्यायचा. नाकच गेलं तर आपल्याला कोण विचारणार, एवढीच त्याला भीती. गेल्या वर्षी गुडघ्याचं निमित्त करून त्याने सहल टाळली. यंदा सहल ठरवणाऱ्या विन्स्टनने काही ऐकलं नाही.

निघायच्या घाईत इसाबेलने मला हाताला लागेल त्या फडक्यात गुंडाळलं. ते फडकं होतं वसईहून आलेल्या सुक्या बोंबलांचं. तासभर मी त्यात! वाटेत तीन उंट वास घेऊन पळाले आणि चौथा मांजरासारखा बसमागे आला. बसमध्ये सगळ्यांना वाटलं, कुणीतरी डबा आणलाय.

पहिला पब समुद्राकाठी. मला भरलं. सेबॅस्टियनने नाक घातलं, डोळे मिटले.

"वा. संत्र्याची साल. आणि मागून मोगरा."

टेबलावर सगळ्यांना माझ्यातून बोंबलांचा वास येत होता. विन्स्टन खो खो हसला, म्हणाला, नाकाने काय जोक मारला. मग सगळेच हसले. कशाला हसतात ते न कळता सेबॅस्टियनही हसला. इसाबेल तेवढी हसली नाही, आणि लिंबू सोडा पिणारा तुकारामही.

दुसऱ्या पबआधी तुकारामने मला थर्मासमधल्या गरम पाण्याने दोनदा धुतलं. आत गेल्यावर तो सेबॅस्टियनला खेटून बसला आणि त्याने मला आधी स्वतःच्या नाकाशी धरलं.

"अंकल, मला ह्यातलं काय कळत नाय," तो हळू म्हणाला. "पण आमच्याकडे नाचणी भाजतात ना, तसा वास येतोय."

सेबॅस्टियनने त्याच्याकडे बघितलं. मग घसा खाकरून सगळ्यांना सांगितलं, भाजलेली नाचणी. टाळ्या पडल्या.

तिसरा पब डोंगराच्या पायथ्याशी. तिथे इसाबेलने मला स्वतःपुढे ओढलं आणि वास घेतला.

"मध आहे. आणि ओलं गोणपाट," ती नवऱ्याला म्हणाली. "दोन वर्षं माझं करपलेलं कालवण छान छान म्हणून खातोयस तू. मला वाटलं, प्रेमाने खातोस."

सेबॅस्टियनने मला तिच्यापुढून आपल्याकडे ओढलं.

"तेही होतं," तो म्हणाला.

मग त्याने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. विन्स्टनने आपला ग्लास त्याच्याकडे सरकवला.

"यल्ला, चल, इतकी वर्षं तू बोललास, आता आम्ही बोलतो. तू ऐक."

प्रत्येकाने वास घेऊन सांगितलं. विन्स्टनला बुटाच्या पॉलिशचा वास आला. बसमधल्या जोआनाला चर्चमधल्या विझवलेल्या मेणबत्तीचा. सेबॅस्टियनने घोट घेतला. जीभ शाबूत होती. म्हणाला, कडू जरा जास्त झालंय, आणि ते अगदी बरोबर होतं.

आता सकाळी माझ्यातल्या कॉफीचा वास आधी इसाबेल घेते, त्याला सांगते, मग तो पितो. सगळी पितो.

मित्रांनो, माझ्यासारख्या मगाला साबण कमी लावा, नाहीतर बिअरचा फेस बसतो. आणि घरातलं कुणी रोजच्या रोज सगळं छानच आहे म्हणत असेल, तर एकदा त्याच्या शेजारी बसून नीट विचारा.

बोंबलांचं ते फडकं इसाबेलने गाठ मारून माझ्या शेजारीच ठेवलंय. रोज एकदा नवऱ्याच्या नाकाशी धरते. परवा त्याने किंचित नाक मुरडलं. उंटांचं सोडा, पण ही थाप नाही.