बारीक झालीस

डॉक्टरांनी कागदावर पोट काढलं आणि त्यावर पेनानं चार-पाच टिंबं दिली.

"इथून दुर्बीण, इथून हत्यारं. आतड्याचा गाठ असलेला तुकडा या जरा मोठ्या छेदातून बाहेर काढायचा. कॅन्सरसाठी ही पद्धत आमच्याकडे अजून नवीन आहे, आधीच सांगतो."

"मग जुनीच करा ना," श्यामकांत म्हणाले. अंबरनाथच्या कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. नव्या यंत्रावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे.

"काकूंचं वय झालंय, अंगानं भारी आहेत. एवढं पोट उघडलं तर जखम लवकर भरत नाही, छातीत कफ धरतो. दुर्बिणीनं केलं तर लवकर चालतील. पण चरबीमुळे आतलं दिसलं नाही, तर उघडावंच लागेल. वचन देत नाही."

मालिनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"शौचावाटे रक्त कधीपासून जातंय, काकू?"

"गणपतीपासून."

आता होळी होऊन गेली होती. श्यामकांतांनी वळून बायकोकडे पाहिलं.

रिक्षा उल्हासनगर सोडून अंबरनाथच्या रस्त्याला लागली, तेव्हा त्यांनी विचारलं, "मला सांगायचं नाही?"

"कुठल्याही डॉक्टरकडे जा, आधी वजन कमी करा. गुडघे दुखले तरी तेच, खोकला झाला तरी तेच. म्हटलं, थोडं उतरू दे, मग जाऊ." त्यांनी पदर सावरला. "आणि उतरत होतं हो. दिवाळीत तुम्हीच म्हणालात, बारीक झालीस, छान दिसतेस."

म्हणाले होते खरे. शेजारच्या सुनंदाबाईंनाही कौतुकानं सांगितलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर बाहेर आले ते घामानं भिजून. "वेळ लागला, पण गाठ निघाली. पोट उघडावं लागलं नाही." श्यामकांतांनी बसल्या जागीच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी नर्सनं मालिनीबाईंना उठवलं. "चला आजी, दारापर्यंत." त्यांनी हात भिंतीकडे नेला. लग्नापासूनची सवय, चढण असो की बसची पायरी, त्या कठडा शोधत, खांब शोधत. माणसाचा हात कधी धरत नसत.

श्यामकांत त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"अहो, सरका. पडाल तुम्ही."

"पडू दे. दवाखान्यातच आहोत. टाक भार."

त्यांनी आधी नुसता तळहात खांद्यावर टेकवला. मग कळ आली तशा पूर्ण झुकल्या. श्यामकांतांचा पाय मागे सरकला, गुडघा करकरला. त्यांनी दात आवळले.

"हं," ते म्हणाले, "आता डावा पाय."