काजळी जाळायला हायवे लागतो

गाड्यांच्या डॅशबोर्डवरची चित्रं काढतो तो माणूस मला एकदा भेटायला हवा. त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन मी सगळ्या डब्यांवरची नावं पुसून टाकीन आणि प्रत्येकावर ठिपके काढून ठेवीन. मग बघू, साहेब कॉफीत मीठ घालून पितात की नाही.

व्हर्लीनच्या मोटरहोममध्ये, म्हणजे तिच्या चाकांवरच्या घरात, पिवळा दिवा लागला तो असाच. एक पेटी, तिच्या दोन्ही बाजूंना नळी, आत ठिपके. अक्षर एक नाही. व्हर्लीन चपला घालायलाही न थांबता खडीवरून धावत माझ्या दारात आली.

"ट्वायला, गाडीत टोस्टरचा दिवा लागलाय."

"टोस्टरचा दिवा नसतो गं बाई."

"मग तू येऊन बघ."

मी बघितलं. खरंच टोस्टरसारखा दिसत होता.

क्वार्टझसाइट गावाबाहेरच्या वाळवंटात आम्ही हिवाळाभर गाड्या लावून राहतो. उत्तरेकडे बर्फ पडायला लागला की म्हातारी माणसं आपापली घरं चाकांवर घालून इथे येतात आणि एप्रिलात उन्हाचा चटका बसला की परत जातात. मी तीस वर्षं ट्रक चालवला, नवरा दोनदा सोडला आणि आता इथेच असते. व्हर्लीन ऑफ्टेडाल मिनेसोटाची. तिचा नवरा अर्विड गेल्या हिवाळ्यात इथेच गेला, खुर्चीत बसल्या बसल्या, हातात कॉफीचा मग. त्यानंतर ती गाडी जागेवरून हललेली नाही. उन्हाळाभर व्हर्लीन त्या भट्टीत एकटी राहिली, कारण तिला गाडी चालवता येत नव्हती. येत नव्हती म्हणजे अर्विडने कधी स्टिअरिंग हातात दिलं नव्हतं. माणूस चांगला होता. पण चांगली माणसंच असले घोळ घालून जातात.

चालवता येत नव्हती, पण चालू करता येत होती. रोज सकाळी उजाडलं की व्हर्लीन किल्ली फिरवायची आणि तासभर इंजिन घरघरत ठेवायची. तिकडे मिनेसोटात शेतावर थंडीत डिझेल दह्यासारखं घट्ट होतं. सकाळी ट्रॅक्टर, ट्रक, सगळं चालू करून ठेवायचं ही त्यांची चार पिढ्यांची सवय. अर्विड करायचा, म्हणून ही करायची. शिवाय या गाड्यांचं इंजिन मागे असतं, झोपायच्या खोलीच्या खाली. किल्ली फिरवली की ही परत पलंगावर जाऊन पडायची.

"पलंग हलतो," ती मला एकदा म्हणाली होती. "अर्विड घोरायचा ना, तसाच."

मी कानात कापूस घालून झोपायला लागले.

चार वाजता आमच्याकडे सगळे आपापली खुर्ची उचलून एका ठिकाणी जमतात. त्या दिवशी खुर्च्या व्हर्लीनच्या गाडीमागे मांडल्या गेल्या, सायलेन्सरकडे तोंड करून, जणू काही तिथे नाटक होणार होतं. दुसऱ्याची गाडी बिघडली की आमच्या माणसांना जो आनंद होतो, तो नातू झाल्यावरही होत नाही.

"सेन्सर गेला," हार्लन म्हणाला. हा पाणबुडीवर होता. जमिनीवरच्या प्रत्येक गोष्टीचं त्याला सगळं कळतं.

"कुठला सेन्सर?"

"कुठलाही. हल्ली सगळे सेन्सरच असतात."

"धुराच्या नळीतली जाळी कापून टाका, सरळ नळी जोडा," आणखी कोणीतरी म्हणालं.

"आणि बेकायदा म्हणून पोलिसांनी धरलं की तू जामीन देणार का रे?" मी विचारलं.

व्हर्लीन सगळ्यांना बटाट्याच्या पातळ पोळ्या वाढत होती, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. वाढता वाढता तिने हळूच सांगितलं, "मारिटचा फोन आला होता. मी चुकून दिव्याचं बोलून गेले."

मारिट ही तिची मुलगी. ती म्हणाली होती, आई, बास झालं. दिवे लागलेली गाडी आणि ती न चालवणारी तू. रविवारी आम्ही दोघं येतो. गाडी घेणारा माणूस बघून ठेवलाय, तो सोमवारी येईल. तू आमच्याकडे फार्गोला चल, तळघरातली खोली रंगवून ठेवलीय.

तळघर! म्हाताऱ्या माणसांवर माया करायची म्हटली की लोकांना पहिल्यांदा तळघर का आठवतं, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, गाडी दुरुस्त झाली आणि मी स्वतः हायवेवर चालवून दाखवली तर? ती हसली. म्हणाली, चालवून दाखव, मग मी या विषयावर तोंड उघडणार नाही." व्हर्लीनने ताटली खाली ठेवली. "ट्वायला, मला तळघरात नाही जायचं."

दुसऱ्या दिवशी पार्कर गावाहून डेल्फिनो आला. हा गाड्यांपाशी येऊन दुरुस्ती करणारा मेकॅनिक. त्याने स्टिअरिंगखाली वायर जोडली, लॅपटॉप उघडला, मग गाडीखाली आडवा झाला. नळ्यांचे सांधे चाचपले, कुठे धूर गळल्याची काळी रेघ आहे का बघितली, सेन्सरच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात का बघितल्या. आमच्या खुर्च्या होत्याच.

"सेन्सर ना?" हार्लनने विचारलं.

"सेन्सर ठणठणीत आहेत, काका. धूर धुवायच्या पाण्याची टाकीही चांगली आहे." डेल्फिनो हात पुसत व्हर्लीनकडे वळला. "बाई, हे इंजिन शेकडो तास चाललंय, आणि तेवढ्या वेळात चाकं एक फूटसुद्धा फिरलेली नाहीत. असं कसं?"

व्हर्लीनने सकाळचं सांगितलं. पलंगाचं सांगितलं नाही.

डेल्फिनोने टोपी काढली आणि परत घातली. "जुन्या गाड्यांना ते चालायचं. हिच्या धुराच्या वाटेत जाळी आहे, काजळी अडवायला. अडवलेली काजळी ती स्वतःच जाळते, पण त्याला धूर चांगला तापावा लागतो. उभ्या गाडीत धूर कोमट. रोज तासभर तुम्ही तिला काजळी भरवताय आणि जाळायला विस्तव देत नाही."

"म्हणजे मीच..." व्हर्लीनचा चेहरा पडला. "मला वाटत होतं, मी सांभाळतेय."

"सांभाळलीच आहे की. काही मोडलेलं नाही. बाई, ही गाडी आजारी नाहीये, कोंडलीय."

"इथेच उभ्या उभ्या जाळता येते ना?" मी विचारलं.

"येते. पण खालचं गवत बघा, काडी झालंय. सायलेन्सर भट्टीसारखा तापतो. शिवाय इथे जाळली तरी ही बाई उद्या सकाळी परत किल्ली फिरवणार." तो हसला. "हिला हायवे लागतो. चढ असलेला. अर्धा-पाऊण तास पाय न उचलता. आणि लवकर. दिवा लुकलुकायला लागला तरी वेळ आहे. पण शेजारी इंजिनाचा दिवा लागला की गाडी आपला जोर स्वतःच कमी करून घेते. मग ढकलत न्या."

"मी चालवतो," हार्लन म्हणाला. "घेऊन जातो आणि आणतो."

"मी चालवते," व्हर्लीन म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

मग दोन दिवस मी तिला वाळवंटात फिरवलं. हार्लन आणि मंडळींनी वळणं आखायला खांबांऐवजी खुर्च्या मांडल्या आणि व्हर्लीनने त्यांतल्या बऱ्याचशा चिरडल्या. चाळीस फुटांची गाडी वळवायची म्हणजे आधी पुढे निघून जायचं, मग वळायचं. शेपूट मागून झाडूसारखी फिरते. हे सांगून कळत नाही, दोन-चार खुर्च्या गेल्या की कळतं. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी तिने मला शिव्या दिल्या, तेही माहेरच्या नॉर्वेजियनमध्ये, आणि मी ओळखलं की बाई तयार झाली.

पण चालण्याच्या वेगाने काजळी जळत नाही. शनिवारी संध्याकाळी पिवळी पेटी लुकलुकायला लागली.

रविवारी जेवणाच्या सुमाराला मारिट आणि तिचा नवरा कर्टिस भाड्याच्या गाडीतून उतरले. मारिट आईच्या गळ्यात पडली आणि तिच्या खांद्यावरूनच तिने गाडीकडे अशी नजर टाकली, जशी लोक आजारी कुत्र्याकडे टाकतात. कर्टिस विम्याच्या कचेरीत होता. त्याने डॅशबोर्ड बघितला.

"हा दिवा लुकलुकतोय."

"म्हणूनच निघालोय," मी म्हटलं.

"हा दिवा लुकलुकतोय म्हणून तुम्ही हायवेवर निघालाय?"

"हो. बसतोस का?"

सासूला एकटी कशी सोडणार, म्हणून बिचारा बसला. मारिट मागून आपल्या गाडीत. व्हर्लीनने आरसे लावले, चष्मा पुसला, ब्रेक सोडला. खुर्च्यांवरची मंडळी उभी राहिली. हार्लनने चक्क सलाम ठोकला.

पूर्वेकडे हायवेला लागलो आणि प्लोमोसा डोंगराचा चढ सुरू झाला. व्हर्लीन बैलगाडीसारखी चालली होती. मागचा ट्रक भोंगा वाजवत बाजूने निघून गेला.

"जोर दे."

"दिलाय."

"हा जोर नाही, पेडलचा मुका घेतेस. दाब!"

तिने दाबलं. मागे इंजिनाचा सूर बदलला. इतके महिने कोपऱ्यात बसून पुटपुटणाऱ्या माणसाने एकदम गळा मोकळा करावा, तसा. कपाटातल्या ताटल्या खणखणायला लागल्या. व्हर्लीनची मान ताठ झाली. चढाच्या माथ्यावर आलो आणि समोर एवढं मोठं मैदान उघडलं, की कर्टिससुद्धा "अरे वा" म्हणाला.

आणि तेवढ्यात आणखी एक दिवा लागला. सायलेन्सरची नळी आणि तिच्या पोटात थर्मामीटर. सोबत जळकट वास.

"थांबवा!" कर्टिस पट्टा सोडून उठला. "व्हर्लीन, बाजूला घ्या! आग लागतेय!"

व्हर्लीनचा पाय उचलला गेला. मला सुराच्या उतरण्यावरून कळलं.

"पाय काढू नकोस," मी म्हटलं. "तो दिवा चांगला आहे."

"चांगला दिवा?" कर्टिस ओरडला. "पिवळा दिवा चांगला कसा असेल?"

"कारण चित्र काढणारा गाढव आहे! धूर तापलाय, एवढंच सांगतोय तो. जाळीतली काजळी जळायला लागलीय. आता थांबलात तर अर्धवट राहील, मग इंजिनाचा दिवा लागेल आणि ही गाडी दोरीने ओढून न्यावी लागेल. त्याचीच वाट बघताय ना तुम्ही लोक?"

हे मी बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला. तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त आग दिसत होती.

व्हर्लीन रस्त्याकडेच बघत होती. तिच्या एका बाजूला मी, एका बाजूला जावई, समोर पिवळा दिवा, आणि पाय अधांतरी. मला वाटलं, आता बाजूला घेणार. बायकांना जन्मभर तेच शिकवलेलं असतं, कोणी ओरडलं की बाजूला व्हायचं.

"कर्टिस," ती म्हणाली, "खाली बस. आणि पट्टा लाव. मी गाडी चालवताना कोणी उभं राहिलेलं मला आवडत नाही."

आणि तिने पाय दाबला.

कर्टिस बसला. पट्टा लावला. ब्रेंडा गावाचा फाटा गेला. उंट बसावेत तसे डोंगर दोन्ही बाजूंनी मागे पडत गेले. वास आधी वाढला, मग विरला. आम्ही तिघंही त्या टोस्टरकडे बघत होतो. खरं म्हणजे दोघंच, व्हर्लीन रस्त्याकडे बघत होती, तसं मी तिला दोन दिवस बजावलं होतं.

त्यामुळे तो विझला तेव्हा पहिल्यांदा कर्टिसला दिसलं.

"गेला!" तो ओरडला. "व्हर्लीन, टोस्टर गेला! विझला!" आणि या विम्याच्या माणसाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की माझी कवळी हलली.

व्हर्लीन हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. पण गाडी रेषेच्या आत होती, मी बघत होते. थोड्या वेळाने थर्मामीटरही विझला. डॅशबोर्ड काळाभोर, स्वच्छ, धुतलेल्या पाटीसारखा.

"आता पुढच्या फाट्याला उतर," मी म्हटलं. "पुलाखालून वळू."

फाटा आला. फाटा गेला.

"व्हर्लीन, फाटा."

"बघितला."

दुसरा आला, तोही गेला. व्हर्लीनने बाजूची काच सरकवली आणि वारा आत घुसला. पडदे उडाले, टेबलावरच्या पोळ्यांवरचं फडकं उडून कर्टिसच्या तोंडावर बसलं. त्याने ते काढलं आणि त्याखालची एक पोळी खाल्ली.

त्याचा फोन वाजला. मागच्या गाडीतून मारिट. आवाज एवढा मोठा, की मलाही ऐकू येत होतं. आई कुठे चाललीय? दोन फाटे गेले! काही बिघडलंय का? आईला फोन दे.

कर्टिसने सासूकडे बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, केस सगळे वाऱ्यावर.

"नाही गं, देता येणार नाही," तो म्हणाला. "ती गाडी चालवतेय."

तिकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, मुलगी रडतेय. हसत होती.

"विचार तिला," मारिट म्हणाली, "किती लांब जायचंय."

कर्टिसने विचारलं.

व्हर्लीनने पहिल्यांदा रस्त्यावरून नजर काढून डॅशबोर्डकडे बघितलं, दिव्यांकडे नाही, डिझेलच्या काट्याकडे.

"टाकीत आहे तेवढं," ती म्हणाली.