वाढीची सुई

हर्षाचा जन्म झाला तेव्हा प्रतिक्षाचं इतकं रक्त गेलं, की भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत गाडीची गादी भिजली होती. रक्त चढवलं, ती वाचली. पण अंगावर दूध आलंच नाही. पाळीही पुन्हा कधी आली नाही. करडी गावच्या घरी परतलेली प्रतिक्षा जणू दुसरीच बाई होती. उन्हाळ्यातही तिला थंडी वाजायची, चार भांडी घासली की ती भिंतीला टेकायची.

"धानाच्या रोवणीले साऱ्या बाया बांधीत उतरल्या, अन् हे बसून राहिली," सासू मालनबाई म्हणायची. "आमी काय लेकरं नाही जनली?"

नवरा विनोद शहापूरच्या पेट्रोल पंपावर कामाला होता. मनातून त्यालाही तसंच वाटायचं.

हर्षा सातवीत गेली त्या श्रावणात, शेताच्या धुऱ्यावरून चालताना प्रतिक्षाच्या छातीत कळ आली आणि ती चिखलातच बसली. विनोद आणि मालनबाई तिला नागपूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली. मग बाळंतपणाबद्दल विचारलं. दूध आलं होतं का, हे इतक्या वर्षांत तिला कोणत्याच डॉक्टरनं विचारलं नव्हतं.

"त्या रक्तस्रावात मेंदूखालची एक छोटी ग्रंथी मेली," त्या म्हणाल्या. "शरीर चालवणारी हार्मोन्स तिच्यावर अवलंबून असतात. ग्रोथ हार्मोनसुद्धा."

"तिले आता कुठं वाढाचं हाये?" विनोदनं विचारलं.

"ते फक्त उंचीसाठी नसतं. मोठेपणी ते चरबी आटोक्यात ठेवतं, रक्तवाहिन्या जपतं. ते नाही म्हणून कोलेस्टेरॉल वाढत गेलं. छत्तिशीत हिच्या रक्तवाहिन्या सत्तरीच्या बाईसारख्या झाल्यात."

मालनबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. "म्हंजे इतके वर्स हे बिमार होती?"

"हो. बाळंतपणापासून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परतताना मालनबाई गाडीच्या खिडकीकडे तोंड करून रडत राहिली. प्रतिक्षा शेजारीच होती. सासूचा हात धरावा असं तिला वाटलं नाही.

आधी बाकीच्या हार्मोन्सच्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन सुरू झालं. मग वाढीच्या हार्मोनची सुई. ती रोज झोपण्याआधी पोटाच्या कातडीत द्यायची होती. ती द्यायला विनोद शिकला.

काही महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. बुद्ध पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती विहारापर्यंत चालत गेली आणि वंदना संपेपर्यंत उभी राहिली.

"मले भूक लागून राहिली," घरी येऊन ती म्हणाली, आणि हसली. विनोदला वाटलं, सुटलो.

पावसाळ्यात छातीतली कळ पुन्हा आली. अँजिओग्राफी झाली. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत होत्या.

"कोलेस्टेरॉल उतरलंय. पण वाहिन्या एका जागी नाही, शेवटपर्यंत अरुंद झाल्यात. स्टेंट घालायला जागा नाही, बायपासलाही नाही. औषध आधी मिळालं असतं तर..."

"पुरं सांगा, मॅडम," प्रतिक्षा म्हणाली.

"नवीन चरबी साचणं कमी होईल. जे साचून कडक झालंय, ते फारसं हटणार नाही."

घरी आल्यावर ती विनोदला म्हणाली, "आधी मले वाटे का मी आळशी आहो. तेच बरं होतं. आळसानं कोनी मरत नाही."

विनोदनं त्या रात्रीची सुई दिली.

धान कापणीला आलं तेव्हा तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर विनोदनं डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"सुई आता द्याची का?"

"द्या. गोळ्याही सोडू नका."

"कायले, मॅडम?"

"दुसरा झटका लांबावा म्हणून."

तो फोन ठेवून अंगणात आला. हर्षा तिथेच उभी होती. बापाच्या खांद्याला लागली होती ती आता.

"बाबा, आई बोलन का?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात होतं. पण तोंडातून निघालं, "नाही."

दार उघडं होतं. आत मालनबाई सुनेला चमच्यानं पेज भरवत होती. पेज ओठाच्या कोपऱ्यातून ओघळली. मालनबाईनं ती पदरानं पुसली आणि पुढचा चमचा धरला.

प्रतिक्षानं सासूकडे बघत तोंड मिटून घेतलं. त्या दिवशी तिनं ते पुन्हा उघडलं नाही.