साहेबांचं पाणी

वरच्या खोलीतले साहेब दातसुद्धा विकतच्या पाण्यानेच घासतात, हे मावशींनी जिना झाडता झाडता पाहिलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

साहेब गॅसच्या प्रकल्पावर विहिरी खोदणाऱ्यांचे मुख्य. प्रकल्प आला तसा वस्तीचा नूरच पालटला होता. शिवणकाम करणाऱ्या मावशींनीही पदरचं सगळं ओतून वर भाड्याने द्यायला दोन खोल्या काढल्या. मुलगा प्रकल्पावरच गाडी चालवायला लागला. घर मार्गी लागलं होतं. फक्त अलीकडे बोअरच्या पाण्याला कसलासा वास यायचा, तळाला राखाडी साका बसायचा. कंपनीची माणसं तपासून गेली, ठीक आहे म्हणाली. मुलगा म्हणाला, पाइप जुना झालाय.

सातव्या महिन्यातली सून तेच पाणी पीत होती.

संध्याकाळी साहेब आले तेव्हा मावशींनी मुद्दाम पेला भरून पुढे केला. साहेबांनी तो घेतला, जरा वेळ हातात धरला आणि कट्ट्यावर ठेवून दिला.

"पोट नाजूक आहे माझं."

"मग सुनेला देऊ का?"

साहेब खाली वाकून बुटाचे बंद सोडत राहिले. "नका देऊ," एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले.

जेवताना मावशींनी हे सांगितलं तसा मुलगा भडकला. आधीच गॅसचा भाव पडलाय, निम्मं काम बंद होणार अशी कुजबुज आहे, त्यात तू हे पाण्याचं उठवलंस तर साहेब जातील, माझी गाडी जाईल, मग वर काय कबुतरं पाळायची? मावशींनी ऐकून घेतलं. सकाळी त्यांनी सुनेची पिशवी भरली आणि तिला तिच्या आईच्या गावच्या बसमध्ये बसवून दिलं.

परतताना शेजारीण दारातच भेटली. तिच्या घरावर दुसरा मजला चढत होता. सूनबाई दिसली नाही, तिने विचारलं. विश्रांतीला गेली असं सांगायचं मावशींनी वाटेत ठरवलं होतं, पण तोंडून खरं तेच निघालं.

"पाण्याच्या भीतीने पाठवली."

शेजारीण दचकेल, वाद घालेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने फक्त रस्त्यावर कोणी नाही ना ते पाहून घेतलं.

"आमची सून तर मागच्याच महिन्यात धाडली," ती हळूच म्हणाली. "कुणाला बोलले नाही. तुम्हीही बोलू नका."

मग तिने नळी उचलली आणि कालच्या नव्या स्लॅबवर पाणी मारायला वर गेली.