सॅम्युअलच्या नावाची अंघोळ

या माऊली, असे पुढे सरका. भिंतीला टेकलेले तुम्हीसुद्धा. सिंगापूरला, चोआ चू कांगमधल्या अकराव्या मजल्यावर घडलेली हकीकत ऐकवायची आहे, आणि तिच्यात एक बैलगाडी आहे.

साल दोन हजार चौदा. मीराबाई पुण्याहून मुलाकडे, शैलेंद्रकडे, राहायला आल्या होत्या. चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून त्यांनी कीर्तनं ऐकली. स्वतः उभं राहून मात्र एकही केलं नव्हतं. आणि इथे सून नीलिमाने परस्पर सगळ्या मराठी मंडळींना कळवून टाकलं, "शनिवारी आमच्याकडे या, आईंचं कीर्तन आहे."

आख्यान कसलं लावायचं, ते नातीमुळे ठरलं. दहा वर्षांच्या जाईच्या अमेरिकी शाळेत एक खेळ चालला होता. पूर्वी अमेरिकेतली माणसं घरदार बैलगाडीत भरून पश्चिमेला जमीन शोधत निघाली, तो प्रवास. एका खऱ्या रोजनिशीतलं कुटुंब निवडलेलं. जाई त्यातली आई. रोज फासा टाकायचा, चिठ्ठी उचलायची, रोजनिशीतलं जे निघेल ते सोसायचं.

बैल म्हटल्यावर मीराबाई खूश. "दोन हजार मैल! आणि आई गाडीशेजारून पायी?" त्यांनी नदी ओलांडण्याला चालसुद्धा बसवली. शेवटी गाडी सुखरूप पोचणार आणि मग आरती.

"पण ती जमीन कुणाची होती गं?"

"आधी राहायचे त्यांची. ते नेक्स्ट वीक आहे, आजी."

"वा! म्हणजे घरात शिरायचं आणि मालकाची चौकशी पुढच्या आठवड्यात!"

गुरुवारी जाईने दप्तर सोफ्यावर फेकलं. "आजी, सॅम्युअल गेला. माझा धाकटा मुलगा. कॉलरा. दोन पॉइंट कट."

भेंडी चिरता चिरता मीराबाई थांबल्या. "गेला म्हणजे?"

"मेला ला!" जाईने सिंगापुरी 'ला' जोडला. "सकाळी पोट दुखलं, संध्याकाळी खलास. चार वर्षांचा होता. मग रस्त्यातच खड्डा केला, त्याला ठेवलं आणि सगळ्या गाड्या वरून नेल्या."

"कशावरून?"

"त्याच्यावरून. माती घट्ट बसते ना. मग लांडगे उकरत नाहीत. खूण पण नाही ठेवायची."

"आणि त्याची आई?"

"आई मीच. चालले पुढे. दुसऱ्या दिवशी डायरीत लिहिलंय, आज पंधरा मैल झाले."

मीराबाईंनी भेंडी बाजूला सारली. कितीतरी आख्यानांतली मरणं त्यांनी पदर डोळ्यांना लावून ऐकली होती. पण तिथे शेवटी देव धावून यायचा. इथे नुसती चाकं. त्या उठल्या, नेसत्या लुगड्यानिशी बाथरूममध्ये गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

शैलेंद्र ऑफिसातून आला तर आई ओल्या केसांनी बसलेली. "कोण गेलं?" तो घाबरलाच. कळल्यावर म्हणाला, "अगं आई, एकशे साठ वर्षं झाली त्याला!"

"मला आज कळलं ना."

जाई आजीकडे टक लावून बघत होती. "आजी, म्हणजे तो... खरा खरा होता?" आणि ती एकदम नीलिमाला बिलगली.

शनिवारी दुपारी मीराबाईंनी झांजा कपाटात ठेवून दिल्या. "मी उभी राहायची नाही. लोकांना बोलावून हे सांगू? कीर्तनातून माणूस हलका होऊन उठला पाहिजे."

"मग दुसरं काहीतरी लावा, आई," नीलिमा म्हणाली.

"दुसरं सुचत नाही गं. डोळ्यांपुढून हलतच नाही तो."

जाई म्हणाली, "तू नाही सांगितलंस तर त्याचं नाव कोण घेणार? तिथे दगडपण नाही."

संध्याकाळी मीराबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. पेटीवर नीलिमा, तबला शैलेंद्रच्या फोनमधला. बैलांच्या वर्णनाला माणसं हसली, नदीला टाळ्या पडल्या. खड्ड्यापाशी आल्या आणि आवाजच गेला. पेटी थांबली, फोनमधला तबला तेवढा वाजत राहिला, शैलेंद्रला तो बंद करता येईना. समोर एका बापाने आपलं पोर मांडीवर ओढून घेतलं.

जाई उठून आजीशेजारी उभी राहिली. "मग सगळ्या गाड्या त्याच्यावरून गेल्या," ती म्हणाली. "आईने मागे वळून बघितलं, असं डायरीत नाहीये. पण मी बघितलं असतं."

"बघितलंच असणार गं," मीराबाई म्हणाल्या. आरती झाली नाही. कुणी मागितलीही नाही.

तर माऊली, एवढंच मागणं. हात जोडून आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा शेवटी हेही घ्या: सॅम्युअल, वय वर्षं चार.