दामूदादाची भ्रामरी

“इंजिन बंद कर म्हटलं ना, कमळ्या!” दामूदादा होडीच्या नाळेवरून, पुढच्या टोकावरून ओरडला.

मी मुद्दाम वेळ लावला. ऊन चढायला लागलं होतं, आमच्या दांडी गावचा किनारा मागे पुसट झाला होता, आणि आता या माणसाचं नाटक सुरू होणार होतं. इंजिन थांबलं. दादाने मांडी घातली, दोन्ही अंगठे कानांत खुपसले, डोळे मिटले आणि तोंड बंद ठेवून नाकातून घुमायला लागला. श्वास संपला की नवा घ्यायचा आणि पुन्हा घुमायचं.

“झाली आरती सुरू,” आमच्या खलाशांपैकी कृष्णकांत म्हणाला. मी मोठ्याने हसलो. दादाला ऐकू जावं म्हणूनच.

ही भ्रामरी त्याला उमरोळीच्या वामनमास्तरांनी शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी होडीला इंजिन बसवलं, तेव्हापासून दादाचे कान सारखे वाजायचे. इंजिन माझ्या हट्टाने आलं, म्हणून कानांचं खापरही माझ्याच डोक्यावर. दोघा भावांचं घरात बोलणं बंद. सुगंधावहिनी मला बघितलं की दार लावून घ्यायची. लाव खुशाल! शीड सांभाळत दिवसभर वाऱ्याची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती.

पण होडीचा तांडेल अजून तोच होता. होडी कुठे थांबवायची, जाळं कधी टाकायचं, सगळं तोच सांगणार. घोळ मासळी पाण्याखाली बेडकासारखी ओरडते. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांडा कानाला लावला की दादाला ती ऐकू यायची. वडिलांनी ही विद्या त्यालाच दिली. मला म्हणाले, तुझं चित्त थाऱ्यावर नाही. मला तांडेल व्हायचं होतं, खोटं कशाला बोलू? दोन महिन्यांत दादाने तीनदा फुकट जाळं टाकायला लावलं, तेव्हा मी किनाऱ्यावर सगळ्यांदेखत बजावलं, “आता एकदा चुकलास की तांडेलकी सोडायची.” तोही ताडकन “सोडीन” म्हणाला होता.

सात वेळा घुमून झालं.

“आता गप झाले कान,” दादा म्हणाला. त्याने वल्हं पाण्यात सोडून कान लावला. बराच वेळ तसाच वाकून राहिला.

“नाय. काय नाय इथं. पुढं चला.”

“आण इकडं.” मी वल्हं हिसकावलं.

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“तुला तरी काय कळतंय?”

मी कान लावला. करर्र, करर्र, करर्र. इतकं स्पष्ट, की आधी वाटलं कृष्णकांतच चेष्टा करतोय. दांडा कानाशी थरथरत होता.

“जाळं टाका,” मी म्हणालो.

“नाय म्हटलं ना मी! तांडेल मी हाय!”

“होतास!”

कृष्णकांतने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि जाळं सोडायला घेतलं.

दुपारी जाळं ओढताना आमचे हात सोलून निघाले. घोळच घोळ! खलाशी आनंदाने ओरडत होते. दादाही ओढत होता, सगळ्यांच्या पुढे उभा राहून.

परतताना सुकाणू माझ्या हातात होतं. डावीकडे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामाच्या क्रेन दिसायला लागल्या, तेव्हा दादा माझ्याजवळ येऊन बसला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“कसा होता रे आवाज?” त्याने विचारलं.

दिवसभर मनात जमवलेली एकही शिवी आठवेना. मी त्याच्या कानाला तोंड लावलं आणि जमेल तसा आवाज काढून दाखवला. तो डोळे मिटून ऐकत होता. “परत,” म्हणाला. मी परत काढला, इंजिनाच्या आवाजाच्या वर, घसा दुखेपर्यंत.

“ह्या!” तो म्हणाला. “घोळ अशी नाय ओरडत. तुला जन्मात जमायचं नाय.”

मग तो उठला आणि नाळेवरच्या तांडेलाच्या जागी न जाता, कृष्णकांतला जरा सरकायला सांगून खलाशांमध्ये जाऊन बसला.